आर्किमिडीज (१९८७): आर्म प्रोसेसरचा पहिला संगणक मागे का पडला?

ओसरीवरचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो असता दुकानदाराने मोठ्या कौतुकाने सांगितले, "साहेब, यात आर्मचा प्रोसेसर आहे, एकदा चार्ज केला की दिवस निघतो." त्याचे म्हणणे खरे होते. पण हा प्रोसेसर मुळात बॅटरीसाठी जन्मालाच आला नव्हता, हे त्याला सांगावे असे फार वाटले. दुकानात गर्दी होती, म्हणून येथे लिहितो.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने जून १९८७ मध्ये 'आर्किमिडीज' या नावाने मेजावर ठेवायचे संगणक बाजारात आणले. त्यांतले ए३०५ हे सर्वांत स्वस्त यंत्र करांव्यतिरिक्त ७९९ पौंडांना मिळे, आणि त्यात ५१२ किलोबाइट मेमरी असे. ए३१० मध्ये ती १ मेगाबाइट होती. आत ८ मेगाहर्ट्झवर चालणारा, कंपनीने स्वतः घडवलेला ३२ बिटांचा आर्म-२ प्रोसेसर होता, आणि तो सेकंदाला सुमारे ४० लाख आज्ञा पार पाडत असे. त्याच वेळी दुकानांत असलेले अमिगा आणि अटारी एसटी हे संगणक जवळपास तेवढ्याच मेगाहर्ट्झवर मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर चालवत होते, पण आर्किमिडीजच्या जवळपासही फिरकत नव्हते.

असे असूनही या संगणकाचे नाव आज ब्रिटनबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. माझे मत असे आहे की, एकॉर्नने प्रोसेसर वेळेवर आणि नेमका घडवला, पण त्याच्यासाठी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) वेळेवर घडवली नाही आणि डाव तिथेच गेला. आपणास काय वाटते? ज्यांनी हे यंत्र प्रत्यक्ष वापरले आहे अशांनी अवश्य लिहावे.


निळीशाई

विषय उत्तम आहे. पण आर्म 'नेमका घडवला' म्हणजे काय, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. आर्म हा 'रिस्क' पद्धतीचा प्रोसेसर आहे असे म्हणतात, पण माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या वाचकाला 'रिस्क' म्हटले की शेअर बाजारच आठवतो.


सोल्डर

निळीशाई, आपली शंका रास्त आहे, आणि एकॉर्नच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. जरा सविस्तर लिहितो.

सत्तरच्या दशकात प्रोसेसर घडवणाऱ्यांचा कल असा होता की, एकेका आज्ञेत जितके जास्त काम कोंबता येईल तितके कोंबावे. त्यामुळे आज्ञांचा संच वाढत गेला, एकेक आज्ञा पुरी व्हायला अनेक घड्याळठोके लागू लागले आणि चिपचा आकार फुगला. आयबीएममध्ये जॉन कॉक यांच्या गटाने, आणि पुढे बर्कलेत डेव्हिड पॅटरसन व स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांनी, उलट दिशेने विचार केला. आज्ञा थोड्या आणि साध्या ठेवाव्यात, प्रत्येकीचा आकार सारखा असावा, हिशेब फक्त रजिस्टरांमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागांमध्ये) व्हावा, आणि मेमरीतून आणणे व मेमरीत ठेवणे यांसाठी वेगळ्या आज्ञा असाव्यात, असा तो विचार होता. त्यालाच रिस्क ('कमी आज्ञांचा संगणक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) म्हणतात. स्वयंपाकघरातले उदाहरण द्यायचे तर, एका बटणावर पुरणपोळी करून देणारे यंत्र घेण्याऐवजी उत्तम पोळपाट, लाटणे आणि तवा घ्यायचा आणि हात भरभर चालवायचा.

एकॉर्नची मंडळी मात्र या सिद्धान्ताच्या प्रेमापोटी इकडे वळली नव्हती. त्यांचा आधीचा बीबीसी मायक्रो हा संगणक (डिसेंबर १९८१) ६५०२ या ८ बिटांच्या साध्या प्रोसेसरवर चालत असे. पुढच्या यंत्रासाठी त्यांनी बाजारातले १६ आणि ३२ बिटांचे प्रोसेसर तपासले, तेव्हा त्यांना दोन दोष दिसले. एक म्हणजे ते प्रोसेसर उपलब्ध मेमरीचा वेग पुरता वापरत नव्हते, म्हणजे मेमरी देऊ शकत असलेली माहिती त्यांना घेताच येत नव्हती. दुसरा म्हणजे बाहेरून आलेल्या व्यत्ययाला (कळ दाबली गेली, डिस्कवरून माहिती आली, अशा हाकेला) उत्तर द्यायला ते फार वेळ घेत. ६५०२ या बाबतीत चपळ होता. ज्या कंपनीने स्वस्त यंत्रात डिस्कसाठी वेगळी खर्चिक यंत्रणा न घालता सगळे काम प्रोसेसरकडूनच करून घेतले होते, तिला हा दुसरा दोष परवडणारा नव्हता.


अर्धविराम

सोल्डर यांच्या प्रतिसादाला जोडून. आपणच प्रोसेसर घडवावा हे धाडस त्यांना कुठून आले, त्याची कथा मला फार आवडते. एकॉर्नची माणसे इस्राएलमध्ये नॅशनल सेमिकंडक्टर या चिप कंपनीचे केंद्र पाहून आली. तिथे अभियंत्यांची मोठी फौज होती आणि तरीही त्यांच्या चिपमधले दोष संपत नव्हते. मग ऑक्टोबर १९८३ मध्ये ती अमेरिकेत फीनिक्सला, ६५०२ ची पुढची पिढी जिथे घडत होती ते वेस्टर्न डिझाइन सेंटर पाहायला गेली. काचेच्या भिंतींचे भव्य कार्यालय असेल अशा कल्पनेने गेलेल्या त्या मंडळींना उपनगरातल्या एका बंगल्यात मोजकी माणसे आणि हाताखाली काही विद्यार्थी एवढेच दिसले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर परतले ते "यांना जमते तर आपल्याला का जमू नये" असे म्हणतच.

विल्सन यांनी आज्ञासंच रचला, आणि फर्बर यांनी चिपची अंतर्गत रचना केली. घडवण्याआधी तिची बेसिक या संगणकभाषेत ८०८ ओळींची प्रतिकृती लिहिली गेली, तीही बीबीसी मायक्रोवरच. कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाउझर पुढे गमतीने सांगत की, मोठ्या कंपन्या आपल्या अभियंत्यांना कधीच देत नाहीत अशा दोन गोष्टी मी यांना दिल्या: पैसा दिला नाही आणि माणसे दिली नाहीत.


चाकोरीबाहेर

म्हणजे आमच्या विभागात नेमके तेच चालते, फक्त प्रोसेसर तेवढा बाहेर पडत नाही.


सोल्डर

@चाकोरीबाहेर: :) बेसिकमध्ये प्रतिकृती लिहून पाहा.

ती चिप व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने करून दिली आणि २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजला आली. त्याच दिवशी ती चालली, पहिल्याच फटक्यात! तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. तुलनेसाठी सांगतो, १९७९ च्या मोटोरोला ६८००० मध्ये सुमारे ६८,००० होते आणि १९८५ च्याच इंटेल ८०३८६ मध्ये २,७५,०००.

वीज कमी लागण्याविषयी धागाकर्त्यांनी लिहिलेच आहे. चिप प्लास्टिकच्या स्वस्त वेष्टनात बसवायची होती, आणि त्यासाठी ती १ वॅटच्या आत राहणे आवश्यक होते. सिरॅमिकचे वेष्टन परवडणारे नव्हते. त्या काळी नेमका अंदाज बांधायची साधने हाताशी नसल्यामुळे त्यांनी प्रत्येक टप्प्यावर हात राखून रचना केली, आणि प्रत्यक्षात चिप १ वॅटच्या दहाव्या हिश्श्यावर चालली. फर्बर यांनी सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. विजेचा वापर मोजायला त्यांनी मीटर लावला तर तो शून्य दाखवू लागला आणि चिप मात्र चालतच होती. शोध घेता असे आढळले की, पटावरच्या एका चुकीमुळे चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. इतर तारांमधून येणाऱ्या संकेतांची जी वीज आत झिरपत होती, तिच्यावरच तिचा संसार चालला होता.


मंडलेखक

चर्चा रंगत आहे, परंतु शीर्षकातील 'आर्म प्रोसेसरचा पहिला संगणक' आणि अनेक ठिकाणी सरसकट आढळणारे 'पहिला रिस्क संगणक' या दोन विधानांची गल्लत होऊ नये, म्हणून हा प्रतिसाद.

आयबीएमचा आरटी पीसी जानेवारी १९८६ मध्ये, म्हणजे आर्किमिडीजच्या सुमारे दीड वर्ष आधी जाहीर झाला होता. त्यात आयबीएमचाच रिस्क पद्धतीचा रॉम्प प्रोसेसर होता आणि ते यंत्रही मेजाजवळच ठेवायचे होते. एवढेच नव्हे, तर एकॉर्ननेही १९८६ मध्ये बीबीसी मायक्रोला बाहेरून जोडायचा आर्मचा संच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी विकायला काढला होता. त्यामुळे 'सामान्य गिऱ्हाइकाला घरी नेता येईल असा पहिला रिस्क संगणक' एवढाच मान आर्किमिडीजला द्यावा. तो मान लहान आहे असे मी म्हणत नाही.


ओसरीवरचा (धागाकर्ता)

मंडलेखक यांची दुरुस्ती मान्य. शीर्षक लिहिताना मी 'आर्म प्रोसेसरचा' हा शब्द मुद्दाम घातला होता, तरी एकॉर्नच्या जोडसंचाची गोष्ट डोक्यात आली नव्हती. आरटी पीसी मात्र एआयएक्स कार्यप्रणाली चालवणारे अभियंत्यांचे यंत्र होते आणि किमतीने तो वेगळ्याच पंगतीत बसत असे.


लेस्टरवासी

मी १९८९ ते १९९८ या काळात इंग्लंडमधल्या मिडलँड्स भागात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो, आणि आमच्या संगणकखोलीत आधी बीबीसी मायक्रो आणि मग आर्किमिडीज घराण्यातली ए३००० यंत्रे होती. त्यामुळे हा धागा पाहून राहवले नाही.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र चालू केल्यावर वाट पाहावी लागत नसे. कार्यप्रणाली डिस्कवर नसून यंत्रातल्या रॉममध्येच (कायमच्या मेमरीत) असायची. बटण दाबले, एकदा आवाज आला की पडदा समोर हजर. तीस मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि त्यातली पाच मिनिटे कोट काढण्यात गेलेली, अशा परिस्थितीत याचे मोल किती होते ते शिक्षकालाच कळेल.

दुसरी गोष्ट, माउसला तीन बटणे होती आणि मधले बटण दाबले की जिथे बाण असेल तिथेच यादी उघडत असे. फाइल जपून ठेवायची तर तिचे चित्र ओढून हव्या त्या खिडकीत टाकायचे. पडद्याच्या तळाशी चालू कार्यक्रमांच्या चित्रांची पट्टी असे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसत. ही सगळी सोय १९८९ मधल्या रिस्क ओएस २ ची आहे. पुढे शाळेत विंडोज ३.१ ची यंत्रे आली तेव्हा मुलांनी मला विचारले होते, "सर, या नव्या संगणकात खालची पट्टी का नाही?" मला उत्तर देता आले नाही.

धागाकर्त्यांच्या मूळ मताशी मी अर्धाच सहमत आहे. पहिली कार्यप्रणाली अपुरी होती हे खरे, परंतु दोन वर्षांत ती उणीव पुष्कळ भरून निघाली होती. आमच्या शाळेतून ही यंत्रे गेली त्याचे कारण पालकसभेत दडलेले होते. पालकांचा दरवेळचा प्रश्न एकच: "आमच्या कचेरीत हा संगणक नाही, मग मुलाने हा शिकून काय करायचे?" माझे एक ए३००० यंत्र अजून माळ्यावर आहे. शाळेने मोडीत काढले तेव्हा पाच पौंडांना घेतले होते.


सोल्डर

लेस्टरवासी सर, एक तातडीची सूचना. ए३००० च्या मुख्य पटावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट झाळून बसवलेली असते. इतक्या वर्षांत ती पाझरते आणि तिच्यातले रसायन तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. यंत्र चालू करून पाहण्याआधी ते उघडून ती बॅटरी कापून काढावी. जुनी अनेक यंत्रे याच एका कारणाने गेली आहेत.


लेस्टरवासी

धन्यवाद. मुलगा शनिवारी येणार आहे, तेव्हा शिडी लावून ते खाली काढतो.


गणिताच्या बाई

सरांच्या पालकसभेवरून आमची शाळा आठवली. एकॉर्नचा भारताशीही संबंध आला होता, हे येथे अजून कोणी लिहिलेले नाही. केंद्र सरकारने १९८४ च्या सुमारास शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि प्रारंभी देशातल्या सुमारे २५० शाळा निवडून त्यांना बीबीसी मायक्रो दिले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने तेच यंत्र एकॉर्नच्या परवान्याने 'युनिकॉर्न' या नावाने काढले होते.

मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी शिकवत होते आणि आमची शाळा त्या यादीत होती. संगणकखोलीला पडदे लागले, दाराबाहेर चपला काढायची शिस्त आली, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. त्यामुळे संगणकापेक्षा किल्लीचेच दर्शन आम्हाला अधिक वेळा घडले. प्रशिक्षणाला गेलेल्या आम्हा दोघींपैकी एकीची लगेच बदली झाली. तरीही आठवीच्या एका मुलीने बेसिकमध्ये पाढे छापणारा कार्यक्रम लिहिला आणि एकोणतिसाचा पाढा पडद्यावरून सरकताना पाहून सबंध वर्गाने टाळ्या वाजवल्या, तो दिवस मी विसरलेले नाही.

मला विचारायचे आहे ते हे. बीबीसी मायक्रो जर आपल्याकडे शाळांपर्यंत आला होता, तर आर्किमिडीज का आला नाही?


मंडलेखक

बाई, आपला अनुभव मोलाचा आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते की, १९८७ पर्यंत आपल्याकडे बाजाराची दिशा ठरून गेली होती. आयबीएम पीसीशी जुळणारी यंत्रे देशातल्या अनेक कंपन्या जोडून विकू लागल्या होत्या, सुटे भाग तैवानहून मिळत होते, आणि कचेऱ्या व बँका त्याच यंत्रांवर काम करणारी माणसे मागत होत्या. एकाच परदेशी कंपनीच्या खास चिपांवर उभे असलेले यंत्र त्या बाजारात रुजणे कठीणच होते. लेस्टरच्या पालकांचा आणि आपल्याकडच्या पालकांचा प्रश्न शब्दशः एकच होता म्हणा ना.


कोकणकडा

थोडे अवांतर, पण प्रोसेसरला धरूनच. ब्रिटनमध्ये त्याच दशकात आणखी एक नवा प्रोसेसर घडत होता: ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. अनेक प्रोसेसर एकमेकांना तारांनी जोडून एकत्र राबवता यावेत, म्हणून प्रत्येक चिपमध्येच चार जोडण्यांची सोय केलेली होती. अटारीने त्यावर मेजावरचा एक संगणक काढला, पण त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. आपल्या पुण्यात मात्र त्याचे सोने झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सादर केलेला परम ८००० हा महासंगणक याच ट्रान्सप्युटरांवर उभा होता.

आता गंमत पाहा. त्या काळी कोणत्या ब्रिटिश प्रोसेसरला भविष्य आहे असे पुण्यातल्या एखाद्या अभियंत्याला विचारले असते, तर त्याने बिनदिक्कत ट्रान्सप्युटरचे नाव घेतले असते. आर्मचे नाव त्याने कदाचित ऐकलेही नसते.


निळीशाई

कोकणकडा यांचा प्रतिसाद अवांतर नाही. चांगली चिप असणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच तर धागाकर्ते विचारत आहेत. आता माझ्यासाठी कोणीतरी आर्किमिडीजच्या त्या पहिल्या, अपुऱ्या कार्यप्रणालीविषयी लिहा. ती इतकी का रखडली?


अर्धविराम

एकॉर्नने कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे संशोधनकेंद्र उघडून तिथे 'एआरएक्स' नावाची महत्त्वाकांक्षी कार्यप्रणाली लिहायला घेतली होती. एकाच वेळी अनेक कामे, आधुनिक रचना, सगळे काही तीत असणार होते. यंत्र तयार होत आले तरी ती हाती येईना, आणि जितकी हाती आली तेवढीही मेमरी फार खाई. तेव्हा केंब्रिजमध्ये पॉल फेलोज यांच्या छोट्या गटाने बीबीसी मायक्रोच्या कार्यप्रणालीचा सांगाडा धरून सुमारे पाच महिन्यांत 'आर्थर' उभी केली. 'गुरुवारपर्यंत रिस्क कार्यप्रणाली' अशी त्या नावाची इंग्रजी फोड करून तेव्हा थट्टा केली जाई.

आर्थर वेगवान होती, पण तिच्यात एका वेळी एकच कार्यक्रम चाले, तिचा खिडक्यांचा पडदा चक्क बेसिकमध्ये लिहिलेला होता, आणि रंगसंगती अशी की डोळ्यांना त्रास व्हावा. यंत्रासोबत डेव्हिड ब्रेबन यांचा 'लँडर' हा त्रिमिती खेळ नमुन्यादाखल मिळत असे. डोंगर, झाडे आणि समुद्र यांच्यावरून यान उडत असे आणि वळताना सारा भूभाग गुळगुळीत सरके. दुकानात लोक तो खेळ पाहून थक्क होत, मग खेळ बंद करून पडदा पाहत आणि गप्प होत. धागाकर्त्यांच्या मताला एवढा पुरावा मी देऊ शकतो.


चाकोरीबाहेर

सरकारी कामात 'गुरुवारपर्यंत' म्हणजे कोणता गुरुवार ते विचारायचे नसते.


तांबडी माती

आतापर्यंत नुसता वाचत होतो. मला या साऱ्या विवेचनात एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे पैशाची.

एकॉर्न १९८४ च्या नाताळात अडचणीत आली. स्वस्त संगणकांची मागणी अचानक ओसरली आणि 'इलेक्ट्रॉन' या यंत्राचा माल गोदामात पडून राहिला. फेब्रुवारी १९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेटीने कंपनीचा ४९.३ टक्के हिस्सा सुमारे १.२ कोटी पौंडांना घेतला आणि त्याच वर्षी तो जवळपास ८० टक्क्यांवर नेला. म्हणजे आर्मची पहिली चिप चालली तेव्हा कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याच्या वाटेवर होती. ऑलिव्हेटी स्वतः आयबीएमशी जुळणारे पीसी विकत होती. ज्या मालकाच्या घरात आधीच एक दुकान चालू आहे, तो ओसरीत बसवलेल्या दुसऱ्या दुकानाला किती माल भरू देईल? (ओसरीवरचे यांची क्षमा मागून.)

त्यामुळे आर्थर वेळेवर आणि देखणी आली असती तरी जाहिरात करायला, अमेरिकेत पाय रोवायला आणि लोटस किंवा वर्डपरफेक्ट यांसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आपल्याकडे वळवायला लागणारा पैसा एकॉर्नजवळ नव्हता. कार्यप्रणालीला दोष देणे म्हणजे जेवण बेचव झाले म्हणून वाढप्याला बोल लावण्यासारखे आहे.


ओसरीवरचा (धागाकर्ता)

ओसरीवरच्या दुकानदाराने क्षमा केली आहे. आपला मुद्दा पटतो, पण पूर्णपणे नाही. पैसा नव्हता म्हणूनच तर प्रोसेसर लहान आणि साधा झाला, असे सोल्डर आणि अर्धविराम यांनी वर लिहिले आहे. तीच गरिबी चिपला तारक आणि संगणकाला मारक कशी ठरली?


सोल्डर

याचे उत्तर मी देऊन पाहतो. चिप घडवायला दोन माणसांची डोकी, काही मदतनीस आणि दुसऱ्याचा कारखाना पुरे झाला. संगणक विकायला मात्र सॉफ्टवेअर लागते, आणि ते लिहिणारी शेकडो माणसे कोणत्याही एका कंपनीच्या पगारावर नसतात. ती जिथे गिऱ्हाईक असेल तिथे जातात. आर्किमिडीजवर पीसीची नक्कल करणारा कार्यक्रम मिळत असे, त्यात डॉसचे (पीसीच्या तेव्हाच्या कार्यप्रणालीचे) कार्यक्रम चालतही, पण इतक्या संथपणे की वेगवान यंत्र घेतल्याचा पश्चात्ताप व्हावा. शिवाय दशांश अपूर्णांकांचा हिशेब करणारे वेगळे यंत्रांग आर्म-२ मध्ये नव्हते. ते काम सॉफ्टवेअरने होई, म्हणून अभियांत्रिकीच्या कामात या यंत्राचा वेग डोळ्यांत भरत नसे.

ज्या थोड्यांनी या यंत्रासाठी मनापासून लिहिले, त्यांचे काम मात्र टिकले. संगीतलेखनाचा सिबेलियस हा कार्यक्रम १९९३ मध्ये प्रथम एकॉर्नच्या संगणकांसाठीच आला होता आणि त्याच्यासाठी संगीतकार मुद्दाम हे यंत्र घेत.


मंडलेखक

सोल्डर यांच्याशी सहमत. याला १९९० चा फाटा जोडला की चित्र पुरे होते. ॲपलला हातात मावेल अशा 'न्यूटन' या यंत्रासाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर हवा होता, पण तो प्रतिस्पर्धी संगणक कंपनीकडून घेणे तिला अडचणीचे होते. म्हणून नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. एकॉर्नमधून बारा अभियंते तिकडे गेले आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यात, जुन्या कोठारात त्यांचे कार्यालय थाटले गेले. आर्म म्हणजे मुळात 'एकॉर्न रिस्क मशीन'; आद्याक्षर तेच राहावे म्हणून नावातल्या 'एकॉर्न'च्या जागी 'अ‍ॅडव्हान्स्ड' आले.

ही कंपनी स्वतः चिपा तयार करत नसे. ती आराखडा परवान्याने देई आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक चिपमागे मोबदला घेई. प्लास्टिकच्या वेष्टनापायी साधलेली ती विजेची बचत इथे कामी आली, कारण नव्वदच्या दशकातल्या मोबाइल फोनांना नेमके तेच हवे होते. धागाकर्त्यांना वाटते तसा संगणक 'मागे पडला' खरा, पण त्याने पुढे जाऊन आर्मला वाढवले असते असेही नाही. आर्म प्रोसेसर एकॉर्नच्याच पोटात राहिला असता तर दुसऱ्या कोणी तो घेतलाच नसता.


तांबडी माती

आणि पैशाची गोष्ट मी सुरू केली, तर ती पुरी करतो. एप्रिल १९९८ मध्ये आर्मचे समभाग लंडन आणि अमेरिकेतल्या नॅसडॅक या शेअर बाजारांत आले. त्याच वर्षी सप्टेंबरात एकॉर्नने आपला संगणकविभाग बंद केला आणि 'फीबी' नावाचे तयार होत आलेले पिवळ्या खोक्याचे यंत्र रद्द केले. तोवर स्थिती अशी आली होती की, एकॉर्नजवळ आर्मचे जे समभाग होते त्यांचीच किंमत सबंध एकॉर्नच्या बाजारभावापेक्षा जास्त भरत होती! १९९९ मध्ये कंपनी विकत घेतली गेली तीही मुख्यतः ते समभाग मोकळे करण्यासाठी.


निळीशाई

शेवटी रिस्क म्हणजे शेअर बाजारच निघाला. मी पहिल्याच प्रतिसादात म्हटले होते.


गणिताच्या बाई

हे वाचून मन थोडे खिन्न झाले. त्या पिवळ्या यंत्राचे पुढे काय झाले? आणि रिस्क ओएस आता कुठे पाहायला मिळते का?


अर्धविराम

बाई, फीबीची तयार झालेली खोकी हौशी लोकांनी घेतली आणि त्यांत आपापली यंत्रे बसवली. रिस्क ओएस मात्र जिवंत आहे. तिचा मूळ मजकूर २०१८ पासून खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे आणि ती रास्पबेरी पायवर चालते. रास्पबेरी पाय हे २०१२ मध्ये आलेले यंत्रही केंब्रिजचेच, त्यातला प्रोसेसरही आर्मच. लहानसे मेमरी कार्ड घालून चालू केले की लेस्टरवासी सरांनी वर्णिलेला तोच पडदा, तीच खालची पट्टी काही क्षणांत समोर येते. नातवंडांना घेऊन करून पाहावे. तीन बटणांचा माउस नसला तर चाक दाबले तरी चालते.


लेस्टरवासी

सर्वांचे प्रतिसाद आवडले. शनिवारी ए३००० माळ्यावरून खाली काढले आणि सोल्डर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी उघडले. बॅटरी पाझरलेली होतीच. तिच्याभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी पुटे चढली होती, आणि शेजारच्या चार-पाच रेघा काळ्या पडल्या होत्या. मुलाने बॅटरी कापून काढली. आता ही जागा कशाने धुवावी? कोणी व्हिनेगर सांगते, कोणी लिंबाचा रस. सोल्डर, आपण सांगावे, तोवर मी यंत्राला वीज लावत नाही.


सोल्डर

सर, बॅटरीतले रसायन अल्कधर्मी असते, त्यामुळे सौम्य आम्ल योग्य. पांढरे व्हिनेगर पाण्यात निम्मे करून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने हलक्या हाताने लावावे, नंतर शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून दोन दिवस वाळू द्यावे. लिंबू नको, त्याचा चिकटपणा मागे राहतो. मग मीटरने त्या काळ्या रेघा एकेक करून तपासाव्यात. जिथे तुटल्या असतील तिथे बारीक तार झाळावी लागेल. पटाचे छायाचित्र येथे टाकलेत तर कोणती रेघ कुठे जाते ते मी शोधून देतो.